वर्षातील उत्तम आणि टुकार गाण्यांची क्रमवारी कशी लावावी

वर्ष सरत आले की उत्तम आणि टुकार गाण्यांच्या याद्यांना ऊत येतो. त्यांतील बहुतेक याद्या वाचून हाती काहीच लागत नाही, कारण कोणते गाणे कितव्या क्रमांकावर आहे एवढेच त्यांत सांगितलेले असते आणि ते तिथे का आहे, हे मात्र वाचणाऱ्याने ओळखायचे असते. अशी यादी पायरीपायरीने कशी करावी हे या लेखात सांगितले आहे. माझी अट एकच आहे: यादीतील कोणत्याही क्रमांकाचे समर्थन करताना गाण्यातील एखाद्या नेमक्या जागेवर बोट ठेवता आले पाहिजे. ज्या गाण्याबद्दल ‘मस्त आहे’ किंवा ‘भिकार आहे’ यापलीकडे एक वाक्यही लिहिता येत नाही, ते गाणे आपण अजून पुरते ऐकलेले नाही असे खुशाल समजावे.

उदाहरणांसाठी 2023 हे वर्ष घेतले आहे. त्या वर्षीच्या गाण्यांभोवतीचा गलबला आता निवला आहे. शिवाय आम्हा इंदूरकरांना त्या वर्षी निःपक्षपाती राहणे विशेष अवघड गेले, त्याचे कारण पुढे येईलच.

आधी चौकट

पहिला प्रश्न वर्षाचा, आणि तो दिसतो तितका सोपा नाही. ‘पठाण’ हा चित्रपट 25 जानेवारी 2023 रोजी प्रदर्शित झाला, पण ‘बेशरम रंग’ आणि ‘झूमे जो पठान’ ही त्याची दोन्ही गाजलेली गाणी डिसेंबर 2022 मध्येच आली होती. रितेश देशमुख यांचा ‘वेड’ 30 डिसेंबर 2022 रोजी आला आणि त्यातील अजय-अतुल यांची गाणी लोकांनी मनसोक्त ऐकली ती पुढच्या वर्षात. उलट ‘ॲनिमल’ 1 डिसेंबर 2023 रोजी प्रदर्शित झाला आणि त्यातील ‘जमाल कुडू’ या गाण्याचा धुमाकूळ सुरू होईपर्यंत अनेकांच्या 2023 च्या याद्या तयारही झाल्या होत्या. कॅलेंडरचे वर्ष जसेच्या तसे धरले, तर डिसेंबरात आलेल्या गाण्यांवर दरवर्षी अन्याय होतो.

यावर माझा तोडगा असा आहे की आपले वर्ष 1 डिसेंबरला सुरू करावे आणि 30 नोव्हेंबरला संपवावे. चित्रपटगीतासाठी चित्रपटाच्या प्रदर्शनाची तारीख धरावी आणि स्वतंत्र गाण्यासाठी ते पूर्ण स्वरूपात उपलब्ध झाल्याची. म्हणजे ‘पठाण’ आणि ‘वेड’ 2023 च्या खात्यात येतात आणि ‘ॲनिमल’ 2024 च्या. हा काही माझा शोध नव्हे. लोकप्रिय गाण्यांच्या याद्या काढणाऱ्या अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ मासिकाची वार्षिक यादीसुद्धा जानेवारी ते डिसेंबर अशी मोजली जात नाही आणि गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफाय या सेवेचा वार्षिक गोषवाराही डिसेंबर संपण्याआधीच हाती येतो. कोणताही नियम चालेल, फक्त तो यादीच्या वर एका वाक्यात लिहिलेला असावा आणि आवडत्या गाण्यासाठी वाकवलेला नसावा.

दुसरा प्रश्न भाषेचा. इंदूरच्या मराठी घरात हिंदी चित्रपटगीते, पंजाबी पॉप आणि मराठी गाणी एकाच दिवशी वाजतात, आणि घरात शाळकरी मूल असेल तर त्यांत कोरियन गाण्यांचीही भर पडते. यादी एकच करावी की भाषावार, हे आधी ठरवावे. मी एकच यादी करतो आणि तीत मराठीसाठी राखीव जागा ठेवत नाही. ‘दहांत दोन तरी मराठी असू द्या’ हा आग्रह प्रेमापोटी होत असला, तरी त्यामुळे मराठी गाण्याला उपकाराच्या खुर्चीवर बसवल्यासारखे होते, आणि चांगल्या मराठी गाण्याला त्या खुर्चीची गरज नसते.

तिसरा प्रश्न जुन्या गाण्यांच्या नव्या आवृत्त्यांचा. ‘व्हॉट झुमका?’ हे गाणे 1966 च्या ‘मेरा साया’मधील ‘झुमका गिरा रे’ या गाण्याच्या आधारावर उभे आहे. अशा गाण्यांना यादीत घ्यावे, मात्र गुण द्यावेत ते नव्याने केलेल्या कामालाच. मदनमोहन यांच्या चालीची पुण्याई आजच्या संगीतकाराच्या नावावर जमा करू नये.

आकडा कितीचा, यावर फार डोके शिणवू नये. कच्ची यादी तीसेक गाण्यांची, उत्तम दहा आणि वाईट पाच, एवढे पुरते.

वही वर्षभर चालवावी

डिसेंबरात बसून आठवणीतून यादी करणाऱ्याला ऑक्टोबरनंतरचीच गाणी आठवतात. यावर वहीखेरीज दुसरा उपाय नाही. मोबाईलमधील नोंदीही चालतील, पण प्रत्येक नोंदीला तारीख हवी आणि गाणे कुठे, कशावर ऐकले हेही हवे. एकाच गाण्याची नोंद निदान तीन वेळा करावी: प्रथम ऐकले तेव्हा, दोनेक आठवड्यांनी आणि दोन-तीन महिन्यांनी. नमुन्यादाखल एक नोंद देतो:

‘एप्रिल, तिसरा आठवडा. हेडफोन. मुखडा लगेच बसतो. 48 व्या सेकंदाला ढोलकी येते तिथे मान हलते. दुसऱ्या अंतऱ्याची चाल पहिल्याचीच, शब्दही थकलेले. शेवटचा आलाप इस्त्री केल्यासारखा सपाट.’ आणि त्याच पानावर खाली: ‘जून. मॅरेज गार्डनमध्ये, जेवणाच्या रांगेत. ढोलकी अजून टिकून आहे. मुखड्याचा कंटाळा आला.’

या दोन नोंदींमधल्या अंतराला फार किंमत आहे. तीच गोष्ट पुन्हापुन्हा समोर आली की ती आवडू लागते, हे रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्ये प्रयोगांनिशी मांडले होते. रील्सच्या काळात ही आवड आपल्यावर दिवसातून वीस वेळा लादली जाते, आणि मग गाणे आवडले की फक्त ओळखीचे झाले, हे आपले आपल्यालाच सांगता येत नाही. पहिल्या दिवशीची नोंद हातात असली की हा गोंधळ बराच आवरतो. ‘बहरला हा मधुमास’ हे गाणे 2023 मध्ये रील्सवर इतके फिरले की अनेकांना त्याची नाचाची एक लकबच तेवढी ठाऊक आहे. पूर्ण गाणे शेवटपर्यंत ऐकलेले लोक त्यामानाने थोडे भेटतात.

ऐकण्याच्या ठिकाणाची नोंद इंदुरात तर अत्यावश्यकच आहे. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, राजवाड्यासमोर डीजेच्या गाड्या एकापाठोपाठ एक सरकत असतात, वरून टँकरच्या पाण्याचे फवारे आणि गुलाल उडत असतो, आणि त्या वेळी कानावर येतो तो केवळ खालचा दणका. तिथे ज्या गाण्यावर पाय थिरकले ते उत्तम, असे नव्हे. आणि ज्याचे शब्द कळले नाहीत ते वाईट, असेही नव्हे. मात्र नाचण्यासाठीच बांधलेले गाणे तिथे पडले असेल, तर ती नोंद महत्त्वाची ठरते.

कच्ची यादी जमवताना

वहीत सुटलेली गाणी सापडावीत म्हणून निरनिराळ्या सेवांवरील लोकप्रियतेच्या याद्या जरूर पाहाव्यात, परंतु त्यांच्यातील क्रमांक उचलू नयेत. स्पॉटिफायवर गाणे 30 सेकंद वाजले की ते एकदा ऐकले गेले असे मोजले जाते. म्हणजे एकतिसाव्या सेकंदाला वैतागून बंद केलेले गाणे आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलेले गाणे, दोन्हींची मोजणीत किंमत सारखीच. हल्लीच्या कित्येक गाण्यांत लांब वाद्यमेळ टाळून आरंभीच मुखडा फेकलेला दिसतो, त्यामागे हा हिशेबही आहे असे मला वाटते.

आमच्या आधीच्या पिढीला क्रमवारीची गोडी लावली ती अमीन सयानी यांच्या ‘बिनाका गीतमाला’ने. 1952 मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या त्या कार्यक्रमात रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांची पसंती विचारात घेतली जाई, म्हणजे ती क्रमवारीसुद्धा लोकप्रियतेचीच होती. तिच्यातून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे: एखादे गाणे ‘पायदान’, म्हणजे क्रमवारीची पायरी, चढत असताना सयानी श्रोत्याला त्या चढाची गोष्ट सांगत. आपल्या यादीत आकड्यासोबत अशी गोष्ट असावी.

शेवटी आपल्यापेक्षा वेगळे काही ऐकणाऱ्या दोन-तीन माणसांना विचारावे. कॉलेजात जाणारी भाची, लग्नांत वाजवणारा बँडवाला, भजनी मंडळातील काकू असे कोणीही चालेल. बँडवाल्याला तर अवश्य विचारावे, कारण कोणती चाल शब्दांशिवायही उभी राहते हे त्याच्याइतके कोणालाच कळत नाही.

निवाड्यासाठी ऐकणे

नोव्हेंबर संपला की कच्च्या यादीतील सर्व गाणी पुन्हा ऐकावीत, आणि ती एकाच साधनावर, पडदा बंद ठेवून. व्हिडिओ पाहत ऐकले की नायिकेच्या साडीला आणि परदेशी डोंगरांना गुण मिळतात. आवाजाची पातळी सारखी राखणे त्याहूनही महत्त्वाचे आहे. एकच गाणे किंचित मोठ्या आवाजात लावले तर ते अधिक चांगले वाटते. कान सगळ्यांचेच असे फसतात, आणि गाणी अधिकाधिक जोरकस करण्याची संगीत कंपन्यांची जुनी खोड त्यावरच पोसली गेली. स्पॉटिफायच्या सेटिंगमध्ये सर्व गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणण्याची सोय आहे, ती चालू ठेवावी. एका बैठकीत आठ-दहा गाण्यांपेक्षा जास्त ऐकू नयेत.

जोडीजोडीने तुलना

गाण्याला दहापैकी गुण देण्याची पद्धत मी सुचवणार नाही. सोमवारी दिलेले साडेसात आणि शुक्रवारी दिलेले साडेसात यांत काडीचा मेळ नसतो, आणि शेवटी तीसपैकी अठरा गाण्यांना सातच्या आसपास गुण पडून आपण होतो तिथेच राहतो. त्याऐवजी दोन गाणी शेजारीशेजारी ठेवून एकच प्रश्न विचारावा: यांतील एकच ठेवायचे तर कोणते? तीस गाण्यांच्या सर्व जोड्या 435 होतात, पण त्या सगळ्या करण्याची गरज नाही. आधी दोन-दोन गाण्यांचे क्रम लावावेत, मग असे दोन गट एकत्र करून चारांचा, मग आठांचा क्रम लावावा आणि एकत्र करताना दर वेळी दोन्ही गटांतील अग्रभागी असलेल्या गाण्यांचीच तुलना करावी. या रीतीने जास्तीत जास्त 119 तुलनांत तीसही गाणी ओळीने लागतात. बहुतेक तुलनांचा निकाल क्षणात लागतो. खरा वेळ जातो तो पंधरा-वीस जोड्यांवर, आणि यादीतील लिहिण्याजोगा मजकूर त्यांतूनच मिळतो.

अशी एक जोडी जवळून पाहू. एका बाजूला ‘जरा हटके जरा बचके’मधील ‘फिर और क्या चाहिए’: संगीत सचिन-जिगर, शब्द अमिताभ भट्टाचार्य, आवाज अरिजित सिंग. दुसऱ्या बाजूला ‘महाराष्ट्र शाहीर’मधील ‘बहरला हा मधुमास’: संगीत अजय-अतुल, शब्द गुरु ठाकूर, आवाज श्रेया घोषाल आणि अजय गोगावले यांचे. इंदूरकराची पंचाईत इथेच होते, कारण पहिला चित्रपट इंदुरात घडतो. आपल्या गल्ल्या पडद्यावर दिसल्या की गाणेही आपलेसे वाटते आणि गुणांचे पारडे नकळत झुकते. मग स्वतःला विचारायचे की हाच चित्रपट कानपुरात घडला असता तर हे गाणे मी इतके वर ठेवले असते का. दुसऱ्या बाजूलाही मोह आहेच: महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला शाहीर साबळे यांच्यावरील चित्रपटातले गाणे ऐकताना ऊर भरून येणे साहजिक आहे. दोन्ही मोह बाजूला ठेवून ऐकले, तेव्हा मला पहिल्या गाण्यात मुखड्याची साधी, बोलण्याच्या जवळची ओळ फार भावली, परंतु गाण्याचा सगळा भार तिच्यावरच पडतो आणि तिच्याकडे परत येण्याच्या घाईत अंतरा मागे राहतो. दुसऱ्या गाण्यात घोषाल यांच्या घोटीव सुरासमोर गोगावले यांचा रांगडा आवाज आला की त्या दोन पोतांच्या फरकानेच गाण्याला वळण मिळते. मी ‘मधुमास’ वर ठेवले. उलट मत असणाऱ्यानेही अशीच एखादी जागा दाखवावी, म्हणजे वाद घालण्यात मजा येते.

तुलना करताना एक पथ्य पाळावे. लता मंगेशकर यांचा जन्म 28 सप्टेंबर 1929 रोजी इंदूरचा, त्यामुळे आमच्याकडे गाण्यावरची कोणतीही चर्चा दहाव्या मिनिटाला ‘आता तसे गाणारे कोणी राहिले नाही’ या वाक्यावर येऊन थांबते. वाक्य खरे असले तरी यादीच्या कामाचे नाही. 2023 चे गाणे 2023 च्याच गाण्याशेजारी ठेवावे.

टुकार गाण्यांची यादी

वाईट गाण्यांची यादी लिहायला मजा येते, म्हणूनच तिच्यावर दुप्पट मेहनत घ्यावी लागते. पहिला नियम असा की तीत गाणे घ्यायचे तर ते चांगले होण्यासाठी लागणारी साधने त्याच्या कर्त्यांच्या हाताशी असली पाहिजेत. मोठी कंपनी, नावाजलेला गायक, जाहिरातीचा पैसा हे सगळे असून गाणे फसले असेल तर तो यादीचा विषय आहे. घरच्या खोलीत ध्वनिमुद्रण करून पहिले गाणे टाकणाऱ्या पोराला या यादीत ओढण्यात कसलाच पुरुषार्थ नाही. ते गाणे वाईट असेल तर न ऐकण्याने आपोआप विरून जाते.

दुसरा नियम कंटाळ्याविषयी. शेजारच्या मांडवात गणपतीचे दहा दिवस एकच गाणे वाजत राहिले तर त्याचा वीट येणारच, पण तो मांडवाचा दोष आहे. इथे वहीतली पहिली नोंद काढून पाहावी. पहिल्या ऐकण्यालाही खटकले असेल तरच ते गाणे उमेदवार. तसेच ज्या प्रकारचे संगीत आपल्याला मुळातच आवडत नाही, त्या प्रकारातील गाणे तो प्रकार आवडणाऱ्या माणसाला ऐकवून विचारल्याशिवाय यादीत घालू नये. रॅप न ऐकणाऱ्याने रॅपला टुकार ठरवणे म्हणजे केवळ आपल्या नावडीची नोंद करणे होय.

तिसरा नियम दोषाचे नाव सांगण्याचा. दोष शब्दांत आहे, चालीत आहे, गायनात आहे की वाद्यसंयोजनात, हे वेगळे करावे. ‘केसरिया’ हे 2022 चे गाणे लोकांनी उचलून धरले, तरी त्यातील ‘लव्ह स्टोरियाँ’ या शब्दांवर सगळीकडून टीका झाली. चालीबद्दल मात्र फारशी तक्रार नव्हती. असे गाणे टुकार ठरत नाही, त्यात एक खडा लागला एवढेच म्हणता येते. सूर दुरुस्त करणाऱ्या तंत्राबद्दलही असेच तारतम्य हवे. ते तंत्र आज जवळजवळ सर्वत्र वापरले जाते, कधी मुद्दाम परिणामासाठीही; दोष तेव्हाच मानावा, जेव्हा त्यामुळे एका गायकाचा आवाज दुसऱ्यापासून ओळखू येईनासा होतो.

2023 च्या माझ्या यादीत पहिल्या क्रमांकावर ‘सत्यप्रेम की कथा’मधील ‘पसूरी नू’ आहे, आणि त्याचे कारण या तिन्ही नियमांत बसते. मूळ ‘पसूरी’ फेब्रुवारी 2022 मध्ये कोक स्टुडिओच्या पाकिस्तानी आवृत्तीत आले. अली सेठी आणि शे गिल या दोघांच्या अगदी निराळ्या आवाजांतील तणाव आणि खाली चालणारा तुटक ठेका यांवर ते गाणे उभे होते. नव्या आवृत्तीत अरिजित सिंग आणि तुलसी कुमार गातात, सुरांत चूक काढायला जागा नाही, पण तो तणाव गुळगुळीत करून टाकल्यामुळे गाण्यात शिल्लक राहते ती फक्त ओळखीची चाल. साधने सगळी होती, मूळ नमुना समोर होता आणि तो अवघा दीड वर्षांपूर्वीचा होता. क्रमही मी याच मापाने लावतो: जे होऊ शकले असते आणि जे झाले, यांतील अंतर जितके मोठे तितके गाणे वर. निव्वळ कर्कशपणावर क्रम लावला तर यादीत दरवर्षी त्याच प्रकारची गाणी येतात आणि ती वाचण्यात स्वारस्य उरत नाही.

स्त्रियांबद्दल किंवा एखाद्या समाजाबद्दल हिणकस शब्द असलेल्या गाण्यांचा प्रश्न निराळा आहे. त्यांचा ठेका उत्तम असू शकतो. अशा गाण्याला क्रमवारीत बसवण्याऐवजी त्याच्याविषयी दोन परखड वाक्ये स्वतंत्रपणे लिहावीत. आणि टीका गाण्यावर करावी. गायकाचे दिसणे, जात, लग्न, वजन यांचा चालीशी संबंध नसतो.

मंडळींनी मिळून यादी करायची असेल तर

मित्रमंडळात प्रत्येकाकडून दहा गाण्यांचा क्रम मागवून पहिल्याला दहा, दुसऱ्याला नऊ असे गुण देत बेरीज करतात. अठराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ बोर्दा याच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. ती सोपी आहे, पण तिच्यात एक खोच आहे. आठ जणांच्या गटात सर्वांनी सहाव्या क्रमांकावर ठेवलेल्या गाण्याला 40 गुण मिळतात आणि तिघांनी जीव टाकून पहिले ठेवलेले, पण बाकीच्यांनी न ऐकलेले गाणे 30 वर थांबते. परिणामी कोणालाच फारसे न आवडलेले, कोणालाच न खटकलेले गाणे वर्षाचे सर्वोत्तम ठरते. म्हणून बेरजेआधी एक संध्याकाळ सर्वांनी एकत्र बसून एकमेकांची पहिली दोन गाणी ऐकावीत, आणि बेरजेनंतर वर आलेल्या तीन गाण्यांत हात वर करून समोरासमोर लढत लावावी. लढतीत पहिले दुसऱ्याला, दुसरे तिसऱ्याला आणि तिसरे पुन्हा पहिल्याला हरवते असे क्वचित घडते. कोंदोर्से या दुसऱ्या फ्रेंच गणितज्ञाने 1785 मध्येच हा पेच दाखवून दिला होता. तसे झाले तर तिन्ही गाण्यांना पहिला क्रमांक विभागून द्यावा आणि चहा मागवावा.

लिहून काढताना

प्रत्येक गाण्याबरोबर गायक, गीतकार आणि संगीतकार या तिघांचीही नावे द्यावीत, आणि ती अधिकृत श्रेयनामावलीतून तपासून घ्यावीत. गीतकाराचे नाव गाळण्याची वाईट चाल पडली आहे. पहिल्या तीन गाण्यांना एकेक परिच्छेद द्यावा, मधल्यांना दोन-तीन वाक्ये, शेवटच्या दोन-तीनांना एखादे वाक्यही पुरते. सर्वांना सारखीच जागा दिली तर पहिल्या आणि नवव्या गाण्यातील फरक वाचणाऱ्याला कळतच नाही. ‘अप्रतिम’, ‘भन्नाट’, ‘काळजाला भिडणारे’ ही विशेषणे पहिल्या खर्ड्यात येऊ द्यावीत आणि दुसऱ्यात खोडून त्यांच्या जागी मिनिट-सेकंदासह जागा लिहावी.

यादी प्रसिद्ध केल्यावर क्रम बदलू नये. वर्षभराने मत बदलले, आणि ते बदलतेच, तर जुन्या यादीखाली तारीख घालून कोणते गाणे आता कुठे ठेवले असते आणि का, एवढी एक ओळ जोडावी.